साहेबांचा नवा पटर

साहेबांनी गोल्फसाठी नवा पटर आणलाय. चेंडू भोकात ढकलायची ही काठी. तिच्या डोक्याच्या दोन्ही टोकांना वजन दिलंय, म्हणजे फटका मधोमध नाही बसला तरी डोकं फिरत नाही. शास्त्र खरं आहे. तालुक्याच्या शाळेत सरांनी पट्टीच्या टोकांना दगड बांधून ते शिकवलं होतं. त्यांच्यामुळेच मी आज या हिरवळीवर उभा आहे.

पण इथे चेंडू भोकापासून हातभर राहिला, की प्रतिस्पर्ध्याने तो गेलाच असं मानायची रीत आहे. आमचे मॅनेजर देशमुख तर चेंडू थांबायच्या आतच ओरडतात, "उचला साहेब, गेलाच तो!" साहेब चेंडू उचलतात आणि पटरचं कौतुक करतात. किळस येते.

आज साहेबांविरुद्ध मी खेळत होतो. माझ्या बढतीवर त्यांची सही व्हायची होती. साहेबांचा चेंडू भोकापासून हातभर राहिला.

"बोला की राव!" देशमुखांनी कोपराने ढोसलं.

मी गप्प राहिलो. साहेबांना मारावंच लागलं. चेंडू भोकाच्या कडेने निघून गेला.

"वजन जरा चुकलंय याचं," साहेब पटरकडे बघत म्हणाले.

"डावीकडे साहेब, डावीकडेच!" देशमुख म्हणाले.

बढती बहुधा गेली. त्या बिचाऱ्या पटरला मात्र आज पहिल्यांदा काम मिळालं.