फुटक्या पाईपमधलं कोमट पाणी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मला हसू येतं. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्याच अंगणात, भरदुपारी जे झालं त्याचा अर्थ अजून लागत नाही... म्हणून लिहितेय.

आमचं घर परंड्यात. मागं बाथरूम, तिथून सांडपाण्याची जुनी सिमेंटची पाईप अंगणाखालून चेंबरपर्यंत गेलेली. पाणी तुंबायला लागलं, अंगणभर घाण वास, म्हणून ती बदलायला काढली. हे कामाला कुर्डुवाडीला. घरी मी आणि सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणते — आणि अंगणात खोदणारे एकटे मिस्त्री.

सासरे, म्हणजे तात्या, कोरोनात सोलापूरच्या दवाखान्यात गेले. तिकडंच सगळं उरकलं. आत्यांच्या मनाला एकच गोष्ट खायची — "माणसाला शेवटची आंघोळबी घालता आली न्हाय गं." तेव्हापासून त्यांची झोपच गेली होती.

मिस्त्रींनी अंगणाच्या मधोमध पाईप फोडली. पाणी वापरू नका म्हणाले, म्हणून मी टाकीचा कॉक बंद केला, बाथरूमला बाहेरून कडी घातली. जेवायच्या वेळेला त्यांची हाक आली, "वहिनी, आत कोण न्हातंय? जरा थांबवा की!"

मी बाहेर आले. बाथरूमकडच्या फुटक्या तोंडातून साबणाचं पाणी येत होतं. सलग नाही... भळकन यायचं, थांबायचं, परत भळकन. कुणी तांब्या-तांब्यानं अंगावर घेतंय तसं. मी हात लावला — कोमट!

पळत जाऊन कडी काढली. फरशी कोरडी ठणठणीत. नळाला थेंब नाही. आणि तिकडून मिस्त्री, "आलं बघा परत!"

आवाजानं आत्या बाहेर आल्या. खड्ड्याशी वाकून वास घेतला. "लाल साबण हाय," एवढंच बोलल्या. तात्या शेतातनं आले की ह्याच वेळेला लाल साबणानं न्हायचे. ते गेल्यापासून ती वडी घरात आणलेलीच नाही.

मिस्त्रींनी कुदळ उचलली तसं आत्यांनी हात वर केला. "थांबा जरा. त्यांचं उरकू द्या."

आम्ही तिघं नुसते उभे. थोड्या वेळानं पाणी थांबलं. आत्या तिथंच मातीत बसल्या आणि तात्या गेल्यावर पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं रडल्या.

मग मिस्त्रींनी बाथरूमच्या भिंतीपर्यंत खोदलं. तिथली पाईप मुळ्यांनी आणि मातीनं गच्च! लोखंडी गज घातला, तोही जाईना. "ह्यातनं थेंब यायचा न्हाय वहिनी," ते हळूच म्हणाले. शेजाऱ्यांची लाईन जोडलीय का, तेही बघितलं. त्यांची पार पलीकडच्या गल्लीत उतरते.

यांना सांगितलं तर म्हणाले, "दोघींना ऊन लागलं असंल."

"आणि मिस्त्रींना?" मी विचारलं.

नवी पीव्हीसी पाईप बसली, पाणी छान जातं. आत्यांना आता गाढ झोप लागते. माझीच उडालीय... आंघोळीला बसले की एक तांब्या ओतते, थांबते, कान देते. खाली वाहतंय ते माझंच पाणी ना?