कुंकू लावलेला सर्व्हर

मंडळी, तळपायाला तीन टाके घालून आत्ताच घरी आलोय. "बूट घालून गेला होतास ना?" असं बायकोने दवाखान्यातून येताना तीनदा विचारलं. 

आमची हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी बंद पडली, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथले सर्व्हर मी सांभाळायचो. सकाळी मालकांचा फोन आला, "चाकणला भंगारवाल्याकडे जा आणि सगळ्या मशीन तुझ्यासमोर फोडून घे, डेटा बाहेर जायला नको."

भंगारवाल्याकडे कामाला असलेले गणपतभाऊ घणाने एकेक मशीन फोडत होते. काचा, पत्र्याचे तुकडे उडत होते. प्रत्येक घावाला माझे दात आवळले जात होते. आमच्या सगळ्यात जुन्या सर्व्हरपाशी मात्र त्यांनी घण खाली ठेवला.

"याला कुंकू हाय, साहेब. मी न्हाई मारणार."

दर खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करायचो. सर्व्हर रूमबाहेर सगळ्यांच्या बुटांची रांग, आत झेंडू, नारळ, पेढे. एसीच्या गारठ्यात अनवाणी उभे राहून नुसते खिदळायचो. नऊ वर्षं.

मग घण मी उचलला. पहिला घाव जपून घातला. नंतर भान राहिलं नाही. मालकाला, कंपनी बंद झाल्याचं कळवणाऱ्या त्या शेवटच्या मेलला, सगळ्यांनाच हाणत होतो. शेवटी गणपतभाऊंनी मला मागून घट्ट धरलं.

"बास राव. पायाकडं बघा, रगत येतंय."

माझे बूट गोडाऊनच्या दाराशी जोडीने नीट ठेवलेले होते. कधी काढले, आठवत नाही.

आता बायकोला काय सांगू?