आवाज गेल्यावरचं बीजगणित

फळ्यावरच्या अधिक चिन्हावर बोट ठेवून गणिताचे सर विचारायचे, "ह्याला विचारलंस का?"

पोराने अंशात 'x अधिक तीन' आणि छेदात 'तीन' पाहून दोन्ही तीन खोडलेले असायचे. "सर, वर पण तीन, नीचे पण तीन. कट केलं." सर त्याला x च्या जागी तीन घालायला लावत. खरं उत्तर दोन यायचं, त्याचं तीन. मग शांतपणे सांगत, "अधिक असला की तोडायचं नाही. आधी अवयव पाडा, मग काय कापायचं ते कापा." असा एखादा शिक्षक तुम्हीही पाहिला असेल. वर्षानुवर्षं तीच चूक, पण आवाज कधी चढायचा नाही.

डिंडोलीकडच्या आमच्या मराठी शाळेत मी भाषा शिकवायचो, ते गणित. पोरं शेजारच्या नवागाम वस्तीतली, बहुतेकांचे आईबाप कापडाच्या लूमवर राबणारे नाहीतर साड्यांना टिकल्या लावणारे. सर मूळचे जळगावकडचे. शाळेत शुद्ध बोलत, घरी बायकोशी अहिराणी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांचा आवाज बसला. खडूची धूळ असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो. तो बसलेलाच राहिला, तेव्हा ते दवाखान्यात गेले. घशाचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर ते पांढरं फडकं बांधत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांना ग्रंथालयात बसायला सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि खडू घेऊन दहावीच्या वर्गात गेले.

पहिल्या दिवशी वर्गात फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे कुणीतरी हसलं. सरांनी एक ओळ लिहिली, वर्गाकडे वळले, ओळीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या ओठांवर. बराच वेळ कुणाला कळेना. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने ती ओळ मोठ्याने वाचली. सरांनी पुढची ओळ लिहिली.

तेव्हापासून ते लिहायचे आणि वर्ग वाचायचा. चुकीचं वाचलं तर खडू तिथेच थांबायचा. शेजारच्या वर्गात मला सगळं ऐकू यायचं.

एकदा त्यांनी अंशात 'x वर्ग उणे नऊ' लिहिलं, छेदात 'x उणे तीन'. पोरांनी अवयव पाडले, सारखे कंस कापले आणि गजर केला, "x अधिक तीन." मग काहीच ऐकू येईना, म्हणून मी दारात जाऊन पाहिलं. सर खडू धरून उभे होते. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "सर, x तीन नसेल तेव्हाच. नाहीतर खाली शून्य होईल."

सर भिंतीला टेकले. हसताना त्यांच्या गळ्यातून नुसती हवा यायची.

सराव परीक्षेच्या सुमारास दुखणं उलटलं. त्यांना जिना चढवेना. बोर्डाच्या परीक्षेआधीच ते गेले. गणिताला दुसरा शिक्षक मिळाला नाही. पोरं आपापसात वाचत बसायची, पण चुकलं तिथे थांबवणारं कुणी नव्हतं. बरीच नापास झाली. ती मुलगी पास झाली, पण पुढे शिकली नाही. पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात घड्या घालते, असं ऐकलं.

काही महिन्यांनी मी सरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा दिला. ऑपरेशननंतर भांडणंसुद्धा एकटीनेच करावी लागली, असं सांगताना त्या किंचित हसल्या. मग पदर सावरत विचारलं, "भाऊ, तेस्ना आवाज तुमले याद शे का? मी रोज धुंडस. सापडत नही."

माझ्याही फोनमध्ये त्यांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता.

मी डोळे मिटून आठवू लागलो. त्यांची वाक्यं आली, शब्द न् शब्द आला. पण सगळं माझ्याच आवाजात.