पाण्याखालच्या गावाची वाट

स्वप्नात जागे राहण्याचा, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ते ओळखण्याचा सराव करावा, की झोपेआधीची निवांत वेळ नुसतीच उपभोगावी, हा माझा प्रश्न होता.

माकणीच्या धरणावरचे एक पहारेकरी मला रोज भेटतात. बोलता बोलता ते स्वतःच्या एका हाताची बोटे मोजतात; ही सवय स्वप्नातही टिकावी म्हणून. पाच भरली नाहीत, तर ते स्वप्न. धरणाखाली गेलेल्या आपल्या गावात त्यांना एकदा समजून-उमजून फिरायचे आहे. पण अंथरुणावरही मोजणी चाले आणि झोप उडे. परवा मोजणी सोडून ते रेडिओ ऐकत पडले.

सकाळी म्हणाले, "सर, गेलतो गावात. आई दारातच हुती."

"स्वप्न आहे, हे कळले?"

"न्हाय. बोटं तिच्या हातात हुती, मोजू कशी?"

माझे उत्तर निवांत वेळेकडे झुकते. वाचकांनी ते स्वतः पडताळून पाहावे.