कैलासावर सोडलेलं कारलं

जालन्याच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "गालाला आतून पांढरा डाग आलाय. तंबाखू आजच सोडा, न्हाई तर कॅन्सर व्हायला वेळ लागायचा न्हाई."

आजच म्हणाले बरं का! पण आमचे हे पडले श्रद्धाळू. "असं कुठंबी कसं सोडायचं? तीर्थाला जाऊन सोडतो, म्हंजी कायमचं सुटतं." आणि तीर्थ तरी कोणतं निवडावं? आदि कैलास. पार हिमालयात, सरहद्दीपाशी. आपला राजूरचा गणपती कसा चालेल, तिथून संध्याकाळपर्यंत परत येता येतं ना!

यात्रेला सहा महिने अवकाश होता. निरोप नीट द्यावा म्हणून ह्यांनी तेवढ्यात दुप्पट तंबाखू खाल्ली. मी रोज तोंडाचा पट्टा सोडायची. त्याशिवाय आम्हा दोघांचाही दिवस उजाडत नव्हता.

गेलो एकदाचे. रेल्वे, मंग बस, मंग जीप. वर दोन पावलं टाकली की दम लागायचा, पण ह्यांचं तंबाखू मळणं काही थांबलं न्हाई. ढग सरले आणि कैलास समोर उभा. एवढा पांढरा, एवढा जवळ, की मला रडूच कोसळलं. तीर्थावर आपली आवडती वस्तू सोडायची आपल्याकडं रीत आहे. जथ्यातला एकेक जण हात जोडायला लागला. एका काकांनी दोडका सोडला. एक मावशी गवार सोडून मोकळ्या झाल्या. मंग हे पुढं झाले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आजपासून कारलं सोडलं!"

कारलं! लग्नाला तीस वर्षं झाली, ह्या माणसानं कारल्याला बोट लावलेलं न्हाई.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच मीही हात जोडले आणि माझी आवडती गोष्ट सोडली. ह्यांना बोलणं. खरोखर आवडीची, देवाला फसवलं न्हाई.

परतीच्या वाटेवर पुडी निघाली की मी खिडकीबाहेर बघायची. आधी हे खूश. "कैलास पावला," म्हणाले शेजारच्याला. दुसऱ्या दिवशी चुळबुळ सुरू झाली. जालन्याला उतरून आमच्या गावच्या, वडीगोद्रीच्या जीपमध्ये बसलो, तेव्हा ह्यांनी तंबाखू तळहातावर घेतली आणि माझ्याकडं पाहिलं.

"बोल की काही."

मी गप्प.

"अगं, शिव्या दे, पण असं गप नको बसू. मी काय मरून राह्यलो का?"

मला इतकं भरून आलं की काय सांगू. पण सोडलं ते सोडलं. मी नुसता हात पुढं केला. ह्यांनी तळहातावरची तंबाखू खिडकीबाहेर झटकली आणि पुडी माझ्या हातात ठेवली.

चुन्याची डबी मात्र खिशातच राहिली. मला दिसली. मी बोलले न्हाई.