चिपवरचं कुंकू

मी आयुष्यात एकाच माणसाला मारलं आहे. चूक त्याची नव्हती, माझी होती.

मद्रासचं नुकतंच चेन्नई झालं होतं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनिअर होतो. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप हा आमचा धंदा. आधीची चिप तापून बंद पडायची, म्हणून व्यापाऱ्यांनी खोकीच्या खोकी परत पाठवली होती. नवी चिप त्यांना पटली तर कंपनी तरणार, नाहीतर कुलूप. चालणारा नमुना एकच होता, आणि तो विजयादशमीच्या सकाळी दाखवायचा होता.

आदल्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. मीटर, संगणक, पक्कड, सगळं पूजेला मांडलं. आमचा वयस्कर तंत्रज्ञ गंध उगाळत होता. मी ओल्या गंधाचं बोट थेट बोर्डावर बसवलेल्या नव्या चिपवर टेकवलं, वर कुंकू लावलं.

"सार, संगणकाच्या डब्याला लावा. पिनांत पाणी जाईल," तो म्हणाला.

"देव डब्यात बसतो का?" मी हसलो.

पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत. त्यामुळे बोर्ड कुणी तपासलाच नाही.

सकाळी व्यापाऱ्यांसमोर स्विच दाबला. पडद्यावर चित्राच्या नुसत्या चिंध्या.

"रंग नवा, घोडा तोच लंगडा!" एकजण म्हणाला. बाकीचे हसले.

मालकांनी विचारलं, "काल बोर्डाला हात कुणी लावला?"

मी तंत्रज्ञाकडे बोट केलं. "यानं. ओलं गंध फासलं."

"सार?" तो एवढंच म्हणाला.

त्यानं पुढं बोलू नये म्हणून मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. चष्मा फुटला. मानगूट धरून त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, भुवई फाटली. तो खाली पडला तशी लाथ घातली, मग आणखी एक. त्याच्या तोंडातून रक्त आलं तरी मी थांबलो नाही. दोघा व्यापाऱ्यांनी मला मागं खेचलं.

"चला हो. इथं माल नाही, मारामारी मिळते," म्हणत ते सगळे निघून गेले.

तो टेबलाला धरून उठला. एका हातानं भुवई दाबून त्यानं दुसऱ्या हातानं स्पिरिटचा कापूस पिनांवरून फिरवला. कापूस कुंकवानं लाल झाला. बोर्ड वाळवून त्यानं स्विच दाबला, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर चित्र आलं. स्वच्छ, जराही न थरथरता.

दहा मिनिटांचं काम होतं. 'माझ्या हातून झालं' एवढं मी म्हणालो असतो, तर ते लोक चहा पिईपर्यंत थांबले असते.

मालक त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

त्यानं फुटका चष्मा खिशात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत उभा राहिला. मालकही माझ्याकडेच बघत होते. तेव्हाही मी गप्प राहिलो.