केरू ड्रायव्हरचा उजवा पाय

केरू ड्रायव्हरचं कुणाशी पटलं असं कधी झालं नाही. एसटीत होता तेव्हा कंडक्टरशी पटायचं नाही, डेपोतल्या मेकॅनिकशी तर नाहीच नाही. रिटायर झाला आणि भांडायला बाहेर कुणी उरलं नाही, म्हणून म्हसरूळच्या घरात त्यानं सुनेशी उभा दावा मांडला. मूळचा चांदवडकडचा गडी, अंगानं आडवा, कपाळावर आठी अशी की झोपेतसुद्धा ती मोडत नसे. नोकरीतली बरीच वर्षं नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणारी बस त्याच्याकडे होती. पावसाचा, धुक्याचा, खच्चून भरलेल्या गाडीचा तो घाट त्यानं एक ओरखडा न येऊ देता चालवला, हे खरंच होतं. खरं होतं म्हणून तर तो जास्त असह्य व्हायचा, कारण त्याला गप्प बसवायला कुणाकडे काही नसे.

सून हर्षाली नाशकात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिनं स्वतःच्या पगारातून जुनी डिझेल हॅचबॅक घेतली, त्याच दिवशी ठिणगी पडली. केरूनं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि विचारलं, "ही पुढच्या चाकांवर वढती म्हनं. मंग मागची चाकं काय वरातीला आल्यात का?"

"सगळ्या छोट्या गाड्या आता अशाच असतात, आण्णा," हर्षाली म्हणाली.

"सगळे खड्ड्यात उड्या मारतील, आपन पन मारायची?"

इतकं बोलूनही दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेअरिंगवर तोच बसला. हर्षालीची ड्यूटी दहाची, तोवर गाडी घरीच, म्हणून नातीला शाळेत सोडायचं काम त्यानं कुणी न सांगता घेतलं. नात म्हणजे आरोही, तिसरीतली. अख्ख्या जगात ज्या एका माणसाशी केरूचं भांडण नव्हतं, ते माणूस हे. मागच्या सीटवर बसून ती कंडक्टर व्हायची, तोंडानं डबल बेल द्यायची, आणि त्याशिवाय हा गाडी हलवायचा नाही. रस्त्यात रिक्षावाल्याला शिवी द्यायची झाली तर ती तो ओठांतल्या ओठांत देई. घरात कुणी पाहिलं नसेल असं त्याचं हसणं त्या पंधरा मिनिटांत व्हायचं.

आषाढात तो सगुणाबाईला, म्हणजे बायकोला, आणि आरोहीला घेऊन गडावर निघाला. पाऊस होताच. केरूचा घाटातला नियम साधा होता: चढाच्या वळणात रेस सोडायची नाही. बसला मागची चाकं ढकलतात. रेस दिली की मागून जोर येतो आणि गाडी वळण काढून जाते, सोडली की भरलेली बस तिथंच दम टाकते. आयुष्यभर या नियमानं त्याला हात दिला होता. एका उजव्या वळणात हॅचबॅकचं तोंड जरा बाहेर जातंय असं दिसताच त्यानं सवयीनं स्टेअरिंग आणखी पिळलं आणि रेस दिली. गाडी वळलीच नाही. चाकं वळलेली आणि गाडी नाकासमोर सरळ, अशी ती घसरत जाऊन कठड्यावर आदळली. दिवा फुटला, पत्रा चेपला. आरोहीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि भुवईजवळ टाके पडले.

त्या संध्याकाळी हर्षालीनं किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. आवाज न चढवता ती म्हणाली, "आरोही तुमच्या गाडीत परत बसणार नाही."

केरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाडी खटारा, आन् दोष मला? टायर बघितले का तुझे? गोटा झाल्यात!"

टायर खरंच गुळगुळीत झाले होते. हर्षालीनं पुढं दोन नवे, ओल्यात पकड घेणारे टायर टाकले. मग केरू म्हणाला, गाडी एका अंगाला ओढते. तिनं अलाइनमेंट करून आणलं. मग तो म्हणाला, हवा. त्यावर मात्र ती थांबली.

"हवा तुम्हीच जास्त भरून आणता, आण्णा. ॲव्हरेज वाढतं म्हणून. टायर दगडासारखा कडक झाला तर ओल्या रस्त्याला धरेल कसा? कंपनीनं दारावर आकडा लिहून दिलाय, तेवढीच हवा भरलीय आता."

"मोबाइलात बघून मला शिकवती व्हय?"

"हो, मोबाइलात बघून. मीही एकदा आडगावच्या उतारावर अशीच सरळ गेले होते. मी शोधलं कारण. तुम्ही अजून गाडीलाच शिव्या देताय."

मुलगा योगेश या दोघांच्या मध्ये कधी पडला नाही. तो कंपनीतून यायचा, जेवायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. सगुणाबाई देवापुढे बसायच्या. त्या घरात दोन महिने भांडी जोरात आपटली गेली आणि दारं जोरात लागली. केरू सकाळी ओट्यावर बसायचा आणि हर्षाली लेकीला गाडीत बसवून न्यायची. शेवटी एक दिवस तो तिच्यासमोर उभा राहिला. मागणी करण्याचा त्याचा सूरही धमकीचाच होता.

"पोरीला मी नेनार. काय करायचं ते बोल."

हर्षाली म्हणाली, "आधी शिकायचं. माझ्याकडून. आहे तयारी?"

मखमलाबादच्या बाजूला एका लेआउटचे प्लॉट पाडून ठेवले होते. डांबरी रस्ते झालेले, घर एक नाही. पाऊस पडून गेल्यावर ती त्याला तिथं घेऊन गेली आणि मधल्या रिकाम्या चौकात गोल फिरवायला लावलं. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला सुनेनं गोल गोल फिरवावं, यापेक्षा मोठा पाणउतारा केरूला ठाऊक नव्हता. तरी तो फिरला.

"आता रेस वाढवा," ती म्हणाली. तोंड बाहेर जायला लागलं. "आणखी द्या. बघा, आणखीच बाहेर चाललीय. आता पाय हलका करा. ब्रेक नको! आणि स्टेअरिंग पिळू नका, उलट जरासं सैल सोडा."

पाय हलका झाला आणि गाडीचं तोंड मुकाट आत आलं.

"पुढच्या चाकांनीच ओढायचं, पुढच्या चाकांनीच वळायचं," हर्षाली म्हणाली. "रस्ता ओला असताना दोन्ही कामं एकदम सांगितली तर चाकाकडून एकही होत नाही. त्यात डिझेलचं जड इंजिन पुढं. आणि हिचा टर्बो आधी काही करत नाही, मग एकदम ढकलतो. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. गिअर आधीच टाकायचा. वळणात पाय शांत."

"कळलं. भाषन नको."

"परत फिरवा."

त्यानं परत फिरवली. परत परत फिरवली. डोळ्यांना दिसत होतं, बुडाखाली जाणवत होतं, आणि सून खरं बोलते आहे हे पटल्याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला. "मोकळ्या मैदानात काय, कुनीबी करतं," तो उतरताना गुरगुरला.

"मग घाटात करा. रविवारी, पावसात. मी बाजूला बसते. नीट चढवलीत तर सोमवारपासून आरोहीला तुम्ही न्या. मी मध्ये येणार नाही."

रविवारी दिंडोरी, वणी करत दोघं नांदुरीला पोचले. घाट लागला. पाऊस बारीक पण न थांबणारा, डोंगरावरून ओहोळ रस्त्यावर आलेले. केरूनं पहिल्या वळणाआधी वेग कमी केला, दुसरा गिअर टाकला, पाय शांत ठेवला. गाडी शहाण्यासारखी वळली. दुसरं वळण, तिसरं वळण तसंच. जिथं कठड्याला धडकला होता तेही वळण त्यानं इतकं स्वच्छ काढलं की त्याला मनातून गुदगुल्या झाल्या. म्हातारपणी नवीन विद्या आली म्हणून तो खूश होता, फक्त ती कुणाकडून आली ते त्याला आठवायचं नव्हतं. आता आणखी थोडी वळणं, की सोमवारी आरोही मागच्या सीटवर.

वर जाता जाता काचेवर आतून वाफ धरली. हर्षाली फडकं घेऊन पुढं वाकली आणि त्याच्या बाजूची काच पुसू लागली. नेमकं त्याच वेळी, एका वळणात, डोंगरातून वाहून आलेला लाल गाळ चाकाखाली आला. स्टेअरिंग हातात एकदम हलकं झालं. तोंड बाहेर निघालं, दरीच्या अंगाला.

केरूला सगळं आठवलं. पाय हलका, ब्रेक नको, स्टेअरिंग सैल. एकेक शब्द आठवला. आणि तो आठवत असतानाच त्याच्या उजव्या पायानं रेस दाबली.

त्यानं दाबली नव्हती. पायानं दाबली. चाकं गाळात गरकन फिरली, गाडी आणखी हातभर बाहेर सरकली. मग गाळ संपला, खाली खरखरीत डांबर लागलं, टायरनं पकड घेतली आणि गाडी आत आली. यात केरूचं कर्तृत्व काहीच नव्हतं. गाळ आणखी थोडा लांबवर पसरलेला असता तर पुढं कठडाही नव्हता.

"काय झालं?" फडकं आवरत हर्षालीनं विचारलं.

"खड्डा," केरू म्हणाला.

गडावर पोचल्यावर त्यानं गाडी उभी केली आणि हात स्टेअरिंगवर तसेच ठेवले. हर्षालीला कौतुक करायची सवय नव्हती, निदान त्याचं तरी नव्हतीच. पण बाई शब्दाची पक्की. ती म्हणाली, "चांगली चढवलीत, आण्णा. खरंच. उद्यापासून आरोहीला तुम्हीच न्या. ती रोज विचारते मला, आण्णा कधी नेणार म्हणून."

हवं होतं ते मिळालं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. केरूनं आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. डोकं शिकलं होतं, पाय शिकला नव्हता. तो अजून एसटीतच नोकरी करत होता आणि त्याला आता कुणी रिटायर करू शकत नव्हतं. शाळेच्या वाटेवर, दिंडोरी रोडवरही पाऊस पडतो, तिथंही वळणं आहेत, आणि मागच्या सीटवर तिसरीतली पोरगी. आयुष्यात कधी नव्हे ती केरू ड्रायव्हरला भीती वाटली, आणि ती कुणाला सांगायची कशी हे त्याला येत नव्हतं. त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं.

"मी काय तुझ्या पोरीचा ड्रायव्हर हाय?" तो कडाडला. "जनमभर लोकांची पोरं वाह्यली, आता तुझी वाहू? तुझी पोरगी, तुझी गाडी, तू बघ!" आणि किल्ली काढून त्यानं तिच्या मांडीवर फेकली.

हर्षालीनं किल्ली उचलली. "तुमच्यासारखा माणूस मी आजवर पाहिला नाही," ती म्हणाली. परत येताना गाडी तिनं चालवली.

घरी कळल्यावर योगेशनं पहिल्यांदा बापाला तोंडावर सुनावलं. सगुणाबाई म्हणाल्या, "काळीज हाय का दगूड? लेकराचा तरी इचार करायचा." केरूनं उलट त्यांनाच दोन शिव्या घातल्या आणि ताट सरकवून उठला.

सोमवारी सकाळी आरोही दप्तर पाठीला लावून ओट्यावर आली. "आण्णा, मम्मी म्हणते तुम्हाला मला न्यायचं नाही. खरं?"

"व्हय, खरं. जा, उशीर होतोय."

ती गेली. गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाशी हळू झाली आणि वळली. आरोहीनं काचेतून एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्याला हेच हवं होतं, असं त्या घरात सगळ्यांचं मत पडलं.